आईचा खालचा सूर

माझ्या आईला गाता येतं हे मला एका अमेरिकन माणसाच्या दुखऱ्या खांद्यामुळे कळलं. आम्ही तेव्हा अमिरातीत, अल ऐनला राहायचो. आई एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होती आणि शाळेची बस मला घरी न सोडता तिथेच सोडायची, कारण घराला कुलूप असायचं. वेटिंग रूमच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मी होमवर्क करायचे. त्या खोलीचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. एसीची घरघर, पडद्याआड कुठल्यातरी मशीनची टुकटुक, केरळच्या जोसेफचं प्रत्येक पेशंटला "रिलॅक्स, रिलॅक्स" म्हणणं, आणि गुडघे धरून आलेल्या अरब आजीबाईंशी आईचं मोडकंतोडकं अरबी. त्या आजीबाई तिला "हबीबती" म्हणायच्या आणि पर्समधून खजूर काढून माझ्या पुस्तकावर ठेवायच्या. माझी त्या वर्षीची सगळी पुस्तकं चिकट होती.

वॉल्टर हा तिथला पेशंट. उंच, वाकलेला, पांढऱ्या दाढीचा. गावातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचा आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवायचा. जन्मभर गिटार गळ्यात अडकवून त्याचा उजवा खांदा आखडला होता. आपली पाळी येईपर्यंत तो डोळे मिटून बसायचा आणि काहीतरी गुणगुणायचा. त्या दिवशीही गुणगुणत होता. मी भूमितीत डोकं घालून बसले होते. मग मला वाटलं, खोलीत दोन माणसं गुणगुणतायत. वर पाहिलं. काउंटरमागे आई इन्शुरन्सच्या कागदांवर शिक्के मारत होती आणि तिचे ओठ मिटलेले होते, पण आवाज तिच्याकडूनच येत होता. वॉल्टरची चाल ती म्हणत नव्हती. त्याच्या चालीच्या जरा खालून, तिला धरून, दुसऱ्याच सुरांवरून ती चालली होती. रस्त्याच्या कडेने कुणी सोबत करावी तशी. वॉल्टरने डोळे उघडले नाहीत, फक्त आवाज किंचित वाढवला. एका कडव्याएवढा वेळ हे चाललं. मग फोन वाजला आणि आई रोजच्या आवाजात "गुड आफ्टरनून" म्हणाली.

फोन ठेवल्यावर वॉल्टर काउंटरशी आला. "हे तुम्ही कुठे शिकलात?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"चर्चमध्ये. मी आल्टो म्हणायचे," आई म्हणाली. जुन्या घराचा पत्ता सांगावा तसं. आणि तिने पुढचा पेशंट बोलावला.

आल्टो म्हणजे चर्चच्या कॉयरमध्ये बायकांचा खालचा आवाज, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की आमच्या घरात गाणं ही बाबांची गोष्ट होती. बाबा तळेगावचे, पाण्याच्या पंपांच्या कंपनीत इंजिनियर. अंघोळ करताना, गाडी पुसताना, कांदा चिरतानासुद्धा ते गायचे आणि सगळीकडे सारखेच बेसूर गायचे. आई ऐकून घ्यायची. घरात आठवडाभर बाबांच्या चवीचं वरण-भात, आमटी, भाजी. आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आईच्या चवीचं. तिच्या माहेरच्या वसईचा लाल बॉटल मसाला घातलेलं कालवण, कधी मैद्याचे गोल फुगे तळलेले. मसाला आणायची दुबईची एक मैत्रीण. माहेराहून काही येत नसे. मला आजोळ नाही, हे मी लहानपणापासून धरून चालले होते. कुणाला भाऊ नसतो, कुणाकडे कुत्रा नसतो, तसं.

"मॉम, सिन्स व्हेन डू यू सिंग?" त्या संध्याकाळी मी जेवताना विचारलं. मी तेव्हा घरात सगळं इंग्रजीतच बोलायचे. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. आज हे सगळं मराठीत लिहिताना मला ती पंधरा वर्षांची मुलगी जरा परकीच वाटते.

"गाते कुठे? आपलं असंच," आई म्हणाली.

बाबांचा घास हातात थांबला. "तू गायलीस?" त्यांनी विचारलं. आई आमटी वाढायला उठली.

बाबांनी मला नंतर सांगितलं, बिल्डिंगखाली गाडी पुसता पुसता. वसईला आईचे वडील चर्चच्या कॉयरचे मास्तर होते. घरात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर रोज गाणं व्हायचं. पपा मुख्य चाल म्हणायचे, आई खालचा आवाज, आणि तिचा धाकटा भाऊ रेमंड मधला. मग मुंबईच्या एका ऑफिसात आईला बाबा भेटले. हिंदू मुलाशी लग्न करणार म्हटल्यावर पपा ओरडले नाहीत, रागावले नाहीत, फक्त बोलायचे थांबले. "आणि रेमंड तिला म्हणाला होता, बाय, मी येतो, रजिस्टर लग्नाला साक्षीदार म्हणून मी सही करतो. आम्ही वाट बघितली. आला नाही. शेवटी माझ्या मित्राने सही केली." बाबांनी फडकं पिळलं. "पपांचं तिने सोसलं गं. रेमंडचं नाही सोसलं. त्यानंतर मी तिला गाताना ऐकलेलं नाही."

"आता कुठे असतो तो?" हे मात्र मी मराठीत विचारलं.

"दुबई मरीनाला. हॉटेलात बँक्वेट बघतो. बरीच वर्षं झाली."

म्हणजे दीड तासावर. एकदा आम्ही मरीनाला फिरायला गेलो होतो तेव्हा आई पाण्याकडे पाठ करून उंच हॉटेलांकडेच का बघत होती, ते मला त्या दिवशी कळलं.

वॉल्टर त्याची गाणी स्वतः लिहायचा. शाळेत कौन्सेलर असलेली जोन नावाची बाई त्याच्यासोबत बॅन्जो वाजवायची आणि दुसरा आवाज म्हणायची. महिन्यातून एका शुक्रवारी दोघं एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर गायचे. जोनचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ती आपल्या देशी निघाली. अमिरातीत ही रोजचीच गोष्ट. माणसं चांगली ओळखीची होतात तोवर त्यांचा व्हिसा संपतो. पुढच्या अपॉइंटमेंटला वॉल्टरने आईला सरळच विचारलं. आई नाही म्हणाली. त्याच्या पुढच्या वेळी त्याने पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली, पण या वेळी तिने कारणं दिली, आणि कारणं देणारी बाई अर्धी तयार असते हे वॉल्टरला बरोबर समजलं. "एकदा घरी येऊन ऐकवतो," तो म्हणाला. "आवडलं नाही तर चहा पिऊन जाईन."

तो आला, चहा प्याला, जेवला, आणि नंतर दर आठवड्याला येत राहिला. आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेवर बसून तो गिटार लावायचा. त्याची गाणी मला पहिल्यांदा फार साधी वाटली. तीन-चार कॉर्ड, लांबच लांब गोष्ट, आणि फिरून फिरून येणारं ध्रुवपद. बंद पडलेल्या खाणीवर एक गाणं होतं, घटस्फोटानंतर स्वयंपाकघरात एकट्याने अंडं तळण्यावर एक होतं, आणि एक होतं आजोबांनी विकलेल्या खेचरावर. "खेचरावर गाणं!" बाबा हसून लोटपोट झाले. "आमच्याकडे बैलावर असतं." पण तिसऱ्या कडव्यात, विकलेलं खेचर वळणावर थांबून मागे बघतं आणि आजोबा मुद्दाम कोठारात निघून जातात, तिथे बाबा गप्प झाले. आणि आई पहिल्यांदा तोंड उघडून, शब्द म्हणत, त्याच्या खालून गायली. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ वाळत घातलेल्या कपड्यांच्या घड्या करत राहिले. ते कपडे अजून ओले होते.

वॉल्टरने मला काही शिकवलं असं म्हणता येणार नाही. मी बाजूला बसून बघायचे. एखादा शब्द त्याला खटकला की तो वाजवणं थांबवून छताकडे बघत बसायचा आणि आई पोहे पुढे सरकवायची. एकदा त्याने अख्खं एक सुंदर कडवं काढून टाकलं. मला हळहळ वाटली. "व्हाय? इट वॉज सो प्रिटी," मी म्हटलं.

"सुंदर होतं खरं," तो त्याच्या संथ इंग्रजीत म्हणाला. "पण माझे आजोबा तसं बोलले नसते."

पुढे मी स्वतः गाणी लिहायला लागले, मराठीत, आणि आज लहानशा खोल्यांतून ती गाते. आवडतं कडवं कापायची वेळ आली की मला आमचा तो सोफा दिसतो. या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मी त्याला पुरेसं सांगितलं नाही असं मला वाटतं. तो म्हणायचा, उपकार तुझ्या आईच्या पोह्यांनी फेडले.

तो कॅफे होता एका सीरियन माणसाचा. सगळे त्याला अबू नबील म्हणायचे. खाली कॉफी आणि मनाकीश नावाच्या भाजलेल्या रोट्या, वर एक लांबट खोली, तीसेक खुर्च्या, एका टोकाला गालिचा टाकला की तोच स्टेज. अबू नबीलचा एकच कायदा होता. गाणं चालू असताना कॉफीचं मशीन बंद. कुणी कितीही मोठा साहेब असो, ऑर्डर दोन गाण्यांच्या मध्ये. मला अशी खोली तोवर माहीतच नव्हती. मी पाहिलेले कार्यक्रम म्हणजे मंडळाचा गणेशोत्सव, तिथे स्टेजवर गाणं आणि खाली गप्पा एकाच वेळी चालतात. इथे लोक नुसते ऐकायला यायचे. नर्सा, प्रोफेसर, एक पाकिस्तानी डेंटिस्ट, काही इमिराती विद्यार्थी, शारजाहून मुद्दाम येणारं एक फिलिपिनो जोडपं. बोटं तारेवर सरकल्याचा आवाजसुद्धा मागच्या खुर्चीपर्यंत जायचा. अलीकडे मी एकदा अल ऐनला गेले होते. जुने राउंडअबाउट काढून सिग्नल बसवलेत, मी दोनदा रस्ता चुकले. पण त्या कॅफेचा जिना मला डोळे मिटूनही सापडला असता.

पहिल्या दोन शुक्रवारी आई वॉल्टरच्या मागे अर्धवट लपून उभी राहिली. तिसऱ्या वेळी शेजारी उभी राहिली. मोरपिशी साडी, केसांत क्लिप, हातांचं काय करावं हे न कळून ते मागे बांधलेले. पण गायला लागली की तिचा चेहरा बदलायचा. आमच्या घरातली, क्लिनिकमधली, सतत काहीतरी आठवत असलेली बाई तिथे नसायची. घरी येताना गाडीत ती खिडकी उघडायला लावायची आणि बाबा एसी बंद करायचे. त्या दिवसांत आमचं घर बदललं. आई स्वयंपाक करताना गुणगुणू लागली आणि बाबांनी, आपण होऊन, गाणं कमी केलं.

एका संध्याकाळी बाबा मला ट्यूशनहून न्यायला आले आणि गाडी सुरू न करता स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. मग खिशातून मोबाइल काढला. नंबर त्यांनी मसाला आणणाऱ्या त्या दुबईच्या मैत्रिणीकडून मिळवला होता. "तू काही बोलू नकोस," मला म्हणाले.

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. "रेमंड? मी जयंत बोलतोय. फिलूचा नवरा." बाबांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "नाही नाही, ती बरी आहे. सगळे बरे आहेत." बाबांच्या कपाळावर घाम आला होता. ज्या माणसाने त्यांच्या लग्नाकडे पाठ फिरवली त्याच्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते, आणि आवाज मात्र पंपाच्या कस्टमरशी बोलतात तसा सरळ होता. "ती गाते आता. हो. गाते. येत्या शुक्रवारी, संध्याकाळी. तुला कळवावं असं वाटलं. तिला यातलं काही माहीत नाही." मग ते ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "बघ. जमलं तर बघ."

"व्हॉट डिड ही से?" मी विचारलं.

"लग्नाचा सीझन आहे, स्टाफ कमी आहे म्हणाला. इन्शाल्ला म्हणाला." बाबांनी गाडी सुरू केली. आमच्याकडे इन्शाल्लाचे दोन अर्थ होतात, आणि दुसरा 'नाही' असा असतो. "आईला सांगायचं नाही. आला नाही तर तिला दुसऱ्यांदा नको."

मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. शुक्रवारी कॅफेत मी मुद्दाम जिन्याजवळची खुर्ची धरली आणि पावलं वाजली की वळून बघत राहिले. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, खाणीचं झालं. बाबांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. खलास. वॉल्टरने खेचराचं गाणं सुरू केलं. पहिल्या कडव्याला नेहमीप्रमाणे लोक हसले. त्या हसण्यात मला पावलं ऐकूच आली नाहीत. वळले तेव्हा तो दारात उभा होता. काळी पँट, पांढरा शर्ट, शर्टावर हॉटेलचा नावाचा बिल्ला काढायचा राहिलेला. आईसारखंच रुंद कपाळ. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं आणि तरी ओळखायला क्षणही लागला नाही.

आईने त्याला दुसऱ्या कडव्याच्या शेवटी पाहिलं. तिचा आवाज थांबला. वॉल्टर एकटाच ध्रुवपद म्हणून गेला. ते अगदी बोडकं वाटलं. त्याने आईकडे पाहिलं, आई बघत होती तिकडे पाहिलं, आणि पुढचं कडवं घेतलंच नाही. नुसती गिटार वाजवत राहिला. तेच चार कॉर्ड, पुन्हा तेच, पुन्हा तेच. घाई नाही, इशारा नाही. खोलीत कुणी खाकरलंसुद्धा नाही. माझ्या शेजारच्या नर्सबाईने, काही माहीत नसताना, माझा हात धरला. गिटार फिरत राहिली. आईने मागे बांधलेले हात सोडले, पदर खांद्यावर नीट घेतला, आणि गाण्यात शिरली. आवाज सुरुवातीला कापला, मग लागला. खेचर वळणावर थांबलं, आजोबा कोठारात गेले. मामा दाराच्या चौकटीला डोकं टेकून ऐकत होता.

मध्यंतर झालं. अबू नबीलने "यल्ला, कॉफी!" म्हणून आरोळी दिली आणि मशीन फुसफुसलं. आई गालिच्यावरून उतरून सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाय, जाड झालीस," मामा म्हणाला.

"तुझे केस कुठे गेले?"

तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा मोडला. "त्या दिवशी मी आलो होतो," तो म्हणाला. "रजिस्ट्रारच्या ऑफिससमोर उभा होतो, रस्त्याच्या पलीकडे. तू जयंतच्या घड्याळात सारखी वेळ बघत होतीस. पिवळी साडी होती. मला रस्ता क्रॉस करता आला नाही, बाय. पपांचं तोंड दिसायचं समोर. मग तुम्ही आत गेलात."

"पिवळीच होती," आई म्हणाली. मग हात पुढे करून तिने त्याच्या शर्टाचा बिल्ला काढला आणि त्याच्या खिशात घातला. "दुसरा भाग ऐकून जा. आणि जेवायला घरी चल."

तेवढ्यात बाबा कॉफी घेऊन आले. मामा त्यांच्याकडे वळला आणि त्याने दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला, कपासकट. कॉफी दोघांच्या मनगटावर सांडली. "भावोजी," तो म्हणाला. बाबांना त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी भावोजी म्हटलं होतं.

मामा त्यानंतर त्याच्या सुट्टीच्या दिवशी येऊ लागला. येताना दुबईच्या मासळी बाजारातून सुरमई आणायचा, आणि आई ती साफ करताना दोघं वसईच्या त्यांच्या बोलीत बोलायचे, इतक्या भराभर की मला आणि बाबांना निम्मंच कळायचं. अशाच एका दुपारी, जेवणं झाल्यावर, हात पुसत पुसत त्याने मोबाइल उचलला. आईला काही न विचारता वसईचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. "पपा," तो म्हणाला, "मी फिलूकडे आहे. ती इथेच बसलीय."

पलीकडून लांबवर कोंबडा ओरडल्याचा आवाज, कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज. मामाने आईला कोपराने ढोसलं. "बोल ना." आईचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. तिने दोनदा प्रयत्न केला. मग तिने डोळे मिटले आणि गायला लागली.

ती चाल मला ओळखता आली नाही. चाल वाटतच नव्हती. एकाच सुरावर बराच वेळ थांबायचं, एक पायरी उतरायचं, परत चढायचं. वसईच्या चर्चमध्ये उपासाच्या दिवसांत म्हणतात त्या मराठी गाण्यातला तो नुसता खालचा आवाज होता. ज्याला वरची चाल माहीत आहे त्यालाच ते गाणं कळावं. आईने पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. बाबा टेबलाला धरून उभे होते. आणि तिसऱ्या ओळीला त्या छोट्याशा मोबाइलमधून एक म्हातारा आवाज आला. खरखरीत, धापा टाकणारा, पण सुराला पक्का. माझ्या आजोबांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा, आईच्या आवाजावर बरोबर येऊन बसलेला. एकाएकी ते गाणं झालं. मामा मधून शिरला, आणि मला कळलं की आमच्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती इतकी वर्षं काय कमी होतं.

गाणं संपलं. आई दोन्ही हातांत तोंड धरून रडत होती. मग माझ्या आजोबांनी, कॉयरच्या मास्तरांनी, घसा साफ केला.

"शेवटची ओळ घाईत गेली," ते म्हणाले. "परत घ्या."

त्यांनी परत घेतली.